व्हिडिओ कॉलवरचा कौल

मी नंदू. घाटकोपरला भटवाडीत माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. ती मी स्वतःच्या मेहनतीने घालवलीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीच्या फोनमधून रेडा ओरडला, तेव्हा कोणी कोणाला काही विचारलंच नाही. सगळे सरळ माझ्याकडे वळले.

पण लस आली त्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, यार, आपलं कोणीतरी ऐकायला पाहिजे होतं.

कारण लोकांनी डोक्याची पार वाट लावली होती. ज्यांनी वर्षभर दुधाच्या पिशव्यांना साबण लावला, नोटांवर इस्त्री फिरवली, तीच माणसं लस म्हटल्यावर "घाई कशाला, बघू" म्हणायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे अनंतराव, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी ग्रुपवर टाकलं की लस घेतल्यावर दंडाला चमचा चिकटतो. मी नुकताच डोस घेऊन आलो होतो. स्क्रीन चिकटवायचा गम दंडाला लावला, त्यावर चमचा ठेवला आणि गॅलरीत उभा राहिलो. म्हटलं, इतका उघड गाढवपणा बघून तरी हसतील. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

म्हणजे खरं बोललो तर चेष्टा वाटते आणि चेष्टा केली तर खरी वाटते. काय करायचं माणसाने?

त्यात आमच्या शेजारचे दत्तारामकाका. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून मुलगी शिकवलेला माणूस. घरात साखर नाही, रक्तात भरपूर. ही मुलगी म्हणजे अपूर्वा, मुलुंडला सासरी, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे काकांनी तिच्या लग्नातच जाहीर केलं होतं. आता ती फोनवर म्हणाली, "बाबा, दोन डोस घ्या, मी येते. नाही घेतले तर मी इथेच बरी."

नलिनीकाकीने कोणाला न विचारता आपला डोस घेऊन टाकला होता. काका हटेनात.

"देवाक इचारल्याशिवाय मी घर बांधूक नाय, पोरीचा लगीन ठरवूक नाय," काका म्हणाले. "ह्या तर अंगात घालूचा हा. गावाक जावन कौल लावतंय, मगे बघूया."

"गावाक खयसून जातल्यात?" काकी आतून म्हणाली. "थयसर गेल्यार आधी कोरंटीन म्हणान शाळेत नेवन झोपवतत. पोर बाळंत होवन बारसा होयत, तरी तुमी शाळेतच."

मला वाटलं, ही आपली संधी. म्हटलं, "काका, गुरवाला व्हिडिओ कॉल लावतो. देऊळ लोकांना बंद आहे, देवाला थोडंच बंद आहे? पूजा तर रोज होतेच ना?"

काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "आंघोळ करून ये."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कोकणात कौल लावताना गुरव देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. संपला विषय. त्यावर अपील नाही.

दुसऱ्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून बसले. समोर पाटावर माझा फोन, फोनला हळदकुंकू. नवीन स्क्रीनगार्ड होता, पण बोललो नाही. पलीकडे बाबी गुरव, चाळिशीतला, तोंडावर मास्क, त्यातून गाऱ्हाणं घालतोय.

"बा देवा रवळनाथा, तुझो लेकरू दत्ताराम मुंबयक आसा. ह्या लशीचा इंजेक्शन त्येना घेवचा काय नको, तो कौल दी."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. मीही म्हणालो. काकी कुकर लावत होती, तिनेही आतून म्हटलं.

पाकळी पडली. डावी.

त्याच क्षणाला नेट गेलं. बाबीचा चेहरा चौकोन चौकोन होऊन अडकला. काका हात जोडून उठायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर अपूर्वा आली, सासरच्या खोलीत एकटी बसलेली, आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"काका, थांबा. उजवी पडली."

"माका दिसता नाय काय? डावी पडली."

"मोबाईलमध्ये उलटं दिसतं." मी सेल्फीचा कॅमेरा सुरू केला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. "घड्याळ कुठल्या हातात आहे तुमच्या?"

"डाव्या."

"आणि ह्या फोनमधल्या माणसाच्या?"

काकांनी हात हलवून बघितला, मान वाकडी करून बघितलं. फोनमधल्या काकांनी घड्याळ उजव्या हातात घातलं होतं. आता खरं म्हणजे आपलाच चेहरा बघताना असं आरशासारखं दिसतं, समोरच्याचं सरळच येतं. पण मोबाईलमधलं भटवाडीत मला कळतं, हे बिल्डिंगमधलं एकमेव सर्वमान्य सत्य आहे.

काकांनी डोस घेतला. दंड दुखला म्हणून मलाच शिव्या दिल्या. मी खूश होतो. झकास काम झालं होतं.

आणि मग दुसऱ्या डोसची वेळ आली.

"परत कौल लावूक होयो," काका म्हणाले.

"परत कशाला? औषध तेच आहे."

"देवान एक घे म्हणान सांगलेला. दोन नाय."

पुन्हा आंघोळ, पुन्हा पाट. ह्या वेळी नेट कडक. बाबीने गाऱ्हाणं घातलं, आम्ही व्हय म्हाराजा केलं, आणि उजवी पाकळी अशी टपकन पडली की मी हातच जोडले.

काका उठले. "नको म्हणता देव."

"अहो काका, उजवी पडली."

"मोबायलात उजवी दिसली म्हणजे डावी. तूच सांगलंस मरे."

मोबाईल उलटं दाखवत नाही म्हटलं, तर पहिला डोस देवाने नको म्हणताना घेतला, आणि मग हा माणूस गावी जाऊन देवाची माफी मागितल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. दाखवतो म्हटलं, तर दुसरा डोस गेला. अपूर्वाची बॅग तिकडे भरून तयार. आयुष्यात शेकडो लोकांना गुंडाळलं मी, स्वतःच्याच दोरीत पहिल्यांदा असा बांधला गेलो.

फोनमधून बाबी म्हणाला, "काय झाला ओ काकानु?"

"उलटा दिसता ना रे मोबायलात."

"कोण म्हणता?"

काकीने कुकर बंद केला. पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे एकदा असं बघितलं की मला कळलं, हिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तिने फोन उचलला आणि पाटावर पालथा ठेवला.

"बाबी, दाखव नको. तोंडान सांग. खयची पडली?"

"उजवी."

काकी माझ्याकडे वळली. "आवाज उलटो येता काय रे, नंदू?"

"नाही काकी. आवाज सरळ येतो."

काकांच्या कपाळावर आठी पडली. "बाबी, मगे पयल्यांदा खयची पडलेली?"

पलीकडून देवळातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"तेव्हा?" बाबी म्हणाला. "तेव्हा नेट गेला नाय काय? मी परत लावलेलंय. उजवीच ती."

मी फोन सरळ केला. बाबीचा चेहरा मास्कमध्ये. डोळा मारला की नेट अडकलं, मला कळलं नाही.

काकांनी दुसरा डोस घेतला. अपूर्वा आली, मुलगी झाली. काकांच्या मांडीवरून ती खाली उतरेना, म्हणजे काका उतरवू देईनात. कोणी शिंकलं तरी त्याला जिन्यात उभा करायचे. अनंतरावांना तर दारातूनच परत पाठवलं, "दोन डोस घेवन येवा" म्हणून. मी दोन मिनिटं नुसता भिंतीला टेकून उभा होतो.

दीड महिन्याची झाल्यावर तिची इंजेक्शनं आली. मी मनाची तयारी करून, आंघोळ करून, फोन चार्ज करून त्यांच्या दारात गेलो. काका आधीच चप्पल घालून उभे, पोरगी दुपट्यात.

"फोन नको," ते म्हणाले. "मी सकाळीच बाबीक इचारलंय. उजवो कौल पडलो."

आता गंमत अशी की आदल्या रात्री बाबीने मला फोन केला होता. त्याचा चुलता वारला, सुतकात होता, तेरावं होईपर्यंत देवाला हात लावायचा नव्हता.

मी काकांकडे बघितलं. काका पोरीचं टोपडं नीट करत होते, ते आधीच नीट होतं.

"उजवा ना?" मी म्हटलं. "चला मग, रिक्षा बघतो."