डाव्या चाकाची पिन

करणनं बायकोच्या थोबाडीत हाणली ती भर दिवसा, मंगरूळपीरला तिच्या बापाच्या गॅरेजात, चार गिऱ्हाइकांच्या देखत. मंजूचा ओठ फाटला. तिला सोडवायला आलेल्या लालसिंगला, म्हणजे सख्ख्या सासऱ्याला, त्यानं छातीत लाथ घातली. याच बापानं समजूत घालून लेकीला दोनदा नांदायला परत धाडलं होतं.

"मामा, माही जीप दुरुस्त करून द्या. अन् हिले आजच माह्या तांड्यावर धाडा. नाही त गॅरेज पेटवून देतो!"

शिव्या हासडत तो समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. मेल्याला चहा गोडही लागला असेल!

लालसिंग छाती धरून कण्हत बसला, म्हणून मंजूच जॅकवर चढवलेल्या जीपखाली शिरली. बापाच्या हाताखालीच शिकलेली ती. इंझोरीच्या रस्त्यातल्या खड्ड्यांनी डाव्या चाकाचा लोअर आर्म पार वाकवला होता. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. तिनं जुना काढला, नवा बसवला. टोकाचा नट आवळून त्यात पिन घालायची असते. ती नसली तर नट सुटत जातो अन् भर रस्त्यात चाक निखळतं.

मंजूनं नट सैल ठेवला. पिन मुठीत दाबली. मरू दे, मरू दे एकदाचा!

चाक बसलं, जीप खाली आली. करणनं येऊन किल्ली हिसकावली. मग आत खाटेवर निजलेल्या राखीला, त्यांच्या चिमुरड्या पोरीला, उचलून त्यानं शेजारच्या सीटवर टाकलं.

"पोरगी राहीन माह्यापाशी. मंग तू येशीन रांगत!"

"आई!" राखी किंचाळली.

मंजू जीपकडं धावली. "थांब! चाक निखळन!"

"चूप!" त्यानं गाडी सुरू केली.

मंजूनं जुना आर्म उचलला अन् खिडकीतून त्याच्या मनगटावर घातला. हाड कडाड मोडलं. दुसरा घाव खांद्यावर. करण बोंबलत दार ढकलून खाली कोसळला. तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, राखीला ओढून आजोबाच्या मांडीवर दिलं अन् पुन्हा जीपखाली शिरली. मूठ उघडली तर पिन तळव्यात रुतलेली. ती उपसून तिनं नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली.

"आता नाही निखळत," बाहेर येऊन ती करणला म्हणाली. "जाय. एका हातानं चालव."

लालसिंगनं लेकीचा रक्ताळलेला तळवा पाहिला. त्याला सगळं कळलं.

"बाई," तो रडत म्हणाला, "मी तुले तिकडं धाडलं कायले?"