चादरींखाली बंद पडलेला वर्ग

मित्रांनो, मी सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनमधल्या एका घरातला टॅब आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरीही लवकर उतरते. पण माझ्या घरात जे घडलं, ते आठवलं की आजही मला धक्का बसतो.

अतुलने मला त्याच्या आईसाठी विकत आणलं. सुलोचनाआजी नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आजोबा गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या. सुरुवातीला मला हात लावायलाही घाबरायच्या. मग त्यांची नागपूरची मैत्रीण श्यामला हिने त्यांना धम्मलिपीच्या ऑनलाइन वर्गात ओढलं. लेण्यांमधले जुने शिलालेख ज्या लिपीत कोरले आहेत, ती ही लिपी. अधिकची खूण म्हणजे क, नुसता गोल म्हणजे ठ. दुपारी वर्ग भरला की आजी माझ्या काचेवर बोटाने अक्षरं गिरवायच्या. चुकलं की दोघी मैत्रिणी शाळकरी मुलींसारख्या हसायच्या. ते माझे सोन्याचे दिवस होते.

एका दुपारी वर्ग चांगला रंगला होता आणि गॅसवरचं दूध करपलं. स्मोक अलार्म किंचाळला, शेजारी धावत आले. अतुल कामावरून आला तेव्हा घरभर धुराचा वास होता.

"आई, घर पेटलं असतं!"

"अरे, दूध करपलं. तू लहान असताना नव्हतं का करपत?"

"तेव्हा तू दिवसभर स्क्रीनला चिकटलेली नसायचीस. याने डोकं बधिर होतं, आई. सगळे सांगतात."

"बरं. श्यामलाला तेवढं कळवू दे."

"मी कळवतो ना. नो वरीज."

त्याने मला बंद केलं आणि कपाटात चादरींखाली ठेवलं. श्यामलाला कळवायचं मात्र तो विसरला. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं नाही, मित्रांनो. तो खरोखर घाबरला होता. आईला करमावं म्हणून त्याने तिच्या खोलीत मोठा टीव्हीही लावून दिला.

चादरींखालून मला घर ऐकू यायचं. दिवसभर टीव्ही बोलायचा, आजींचा आवाज कमी कमी होत गेला. मग त्या तेच तेच विचारू लागल्या. नात मयूरा वैतागून म्हणायची, "आजी, यू जस्ट आस्क्ड मी दॅट!" आणि एका सकाळी आजी कोपऱ्यावरच्या पार्कमध्ये गेल्या आणि घरचा रस्ता विसरल्या. मुलांना जगाचा नकाशा शिकवणाऱ्या माझ्या आजी!

वेस्टमीडच्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. अतुलने मला बाहेर काढून चार्जिंगला लावलं. "डॉक्टरांना दाखवतो. याच्यामुळेच झालंय सगळं."

त्याची बायको प्रतीक्षा म्हणाली, "पण अतुल, हा तर इतके महिने कपाटात होता ना?"

अतुलने चार्जर काढला आणि मला बॅगेत टाकलं.

डॉक्टर निहारिका मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आजींना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आजींनी गोल काढला. आकडे काही येईनात. बराच वेळ पेन्सिल थांबून राहिली. मग त्यांनी गोलाच्या मधोमध एक टिंब दिलं आणि हळूच म्हणाल्या, "थ."

"थ म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

अतुलने मला बॅगेतून काढून आजींपुढे धरलं. "आई, तुझा टॅब."

आजींनी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. "कुणाचा आहे हा?"

मित्रांनो, मी खाली पडून फुटलो होतो तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं.

अतुलने घाईघाईने मला सुरू केलं. इंटरनेट जोडलं गेलं, आणि इतक्या महिन्यांचे अडकलेले निरोप एकामागून एक वाजू लागले. त्याने एकावर बोट ठेवलं. श्यामलाबाईंचा आवाज त्या खोलीत घुमला. "जय भीम, सुलू. कुठे आहेस गं? आज थ झाला. गोलात टिंब. तू आधीच शिकली होतीस, मला माहितीये. रागावलीस का माझ्यावर?"

आजींचे डोळे भरून आले. "श्यामला," त्या म्हणाल्या. "मी कुठे रागावले?"

अतुल डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टर, हे मी केलं का?"

"तसं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "विसरणं कदाचित आधीच सुरू झालं असेल. हा टॅब काही औषध नाही. पण त्या यावर शिकत होत्या, मैत्रिणीशी बोलत होत्या. ते बंद झालं आणि त्या एकट्या पडल्या. स्क्रीनसमोर बसणारा प्रत्येक माणूस एकच काम करत नसतो."

आता वर्ग पुन्हा भरतो. सगळं परत आलेलं नाही. पार्कमध्ये आजी एकट्या जात नाहीत, आणि कधी कधी मयूराला प्रतीक्षा म्हणून हाक मारतात. वर्गाच्या वेळी गॅस बंद आहे ना, हे अतुल स्वतः बघतो आणि त्यांच्याजवळ येऊन बसतो. परवा त्याने म उलटा काढला.

"हा कुठला म?" आजी म्हणाल्या. "पुसून टाक. परत काढ."

त्याने पुसला. परत काढला. परत चुकला, आणि आजी खळखळून हसल्या.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आजीच्या हातातून काही काढून घ्यायच्या आधी जरा तिच्या शेजारी बसा, आणि ती काय करते आहे ते तिलाच विचारा.