मुक्या फिल्मला दिलेले शब्द

सांगलीच्या गावभागात तात्यांचं बालवाचनालय होतं. दर रविवारी सकाळी खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार करायचा, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणायचं आणि मुलांना फिल्म दाखवायची, असा तिथला शिरस्ता. रिळं सगळी मिळून सात. एक इंग्रज मिशनरी बाई देश सोडून जाताना प्रोजेक्टरसकट तात्यांना देऊन गेली होती. फिल्मा मुक्या, मधल्या पाट्या इंग्रजी. म्हणून बाजूला उभं राहून मराठीत गोष्ट सांगायचं काम तात्यांची पुतणी शरयू करी. ती कन्याशाळेत शिकवायची. तिने राक्षसाचा आवाज काढला की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकत.

सातांपैकी मुलांची लाडकी फिल्म एकच. जहाज फुटून दोन गोरी भावंडं एका बेटाला लागतात, तिथली काळी माणसं त्यांना कढईत शिजवायला निघतात आणि शेवटी एका फटाक्याला भिऊन पळत सुटतात. त्या काळ्यांच्या राजाचं 'बोंबलोबा' हे नाव शरयूचंच. "बोंबलोबा म्हणतो, आधी धाकटी खाऊ, मग थोरला!" असं ती घोगऱ्या आवाजात म्हणाली की पोरं गडाबडा लोळत. चार वर्षं हे चाललं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत एक दिवस ही फिल्म संपली आणि घोंगड्या निघाल्या, तेव्हा मागे भिंतीला टेकून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. वडूजकडचे हंबीरराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सांगलीत दिलेल्या लेकीकडे आले होते आणि नातीला घेऊन वाचनालयात आले होते. पोरं पांगेपर्यंत ते थांबले.

"बाई, त्या लोकांची भाषा येती व्हय तुमाला?"

"कुणाची?"

"त्या काळ्या राजाची."

शरयू हसली. "छे! फिल्म मुकी आहे, पाट्यांवरही त्याचं बोलणं नाही. मी आपलं मनाने सांगते."

"मग त्यो 'खाऊ' म्हणला, ह्ये कशावरनं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. तात्यांनी खुर्ची पुढे केली तसे हवालदार बसले आणि सांगू लागले.

"एकसष्ट साली मी कांगोत होतो. तितं दंगा चालला हुता, म्हणून आपली फौज धाडली हुती. मी ट्रक चालवायचो. एकदा गाडी रस्त्याकडंच्या खोल वगळीत गेली अन् पाय मोडला. तितल्या एका मास्तरानं उचलून घरी नेलं. दोन दिस ऱ्हायलो. त्येची बायको कसल्या तरी कंदाच्या पिठाचा गोळा करून मला हातानं भरवायची. पर पोरं काय जवळ येईनात. दाराआडनं बघायची अन् पळायची. मास्तरला खुणेनं इचारलं, का रं बाबा? त्यो लय लाजला. मग हातानं साप करून दावला. मागनं आमच्या दुभाष्यानं उलगडून सांगितलं. त्या पोरांनी शाळेत आपल्या हिंदुस्थानची फिल्म बघितली हुती, बाई. त्यात आपला माणूस म्हंजी टोपलीतनं साप सोडणारा. मी कवा साप काढतोय, ह्या भ्यानं पोरं दोन दिस बाहेर झोपली."

बोलून झाल्यावर ते उठले. नातीचा हात धरून म्हणाले, "तुमी वाईट वाटून घिऊ नका. पोरगी लय हसली आज. मलाच हसू आलं न्हाई, म्हणून इचारलं."

ते गेले. दुपारी शरयू तात्यांना म्हणाली, "तात्या, ते रीळ आपण कृष्णेत टाकू."

"अगं, जुन्या काळची करमणूक ती. पोरं हसतात, विसरतात."

"ती पोरं विसरली होती का, साप?"

तात्या म्हणाले, "धाकट्यांना दाखवू नकोस, हे पटलं मला. पण नदीत टाकायला मी देणार नाही. टाकलंस की उद्या आपणच म्हणू, आम्ही असलं काही दाखवलंच नाही. आणि एक सांगू? बोंबलोबा त्या रिळात नाहीये. तो तुझा आहे."

शरयू चिडून उठून गेली. पण ते वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना.

पंधरा दिवसांनी तिने शाळेतल्या नववीच्या मुलींना वाचनालयात आणलं, तीच फिल्म लावली आणि तोंड मिटून उभी राहिली. नुसती प्रोजेक्टरची घरघर. सुरुवातीला मुली हसल्या. मग हसू विरत गेलं. राजा पाठमोरा वळला तशी विनोदिनी नावाची मुलगी ओरडली, "बाई, थांबवा! ह्याच्या कानामागे गोरं दिसतंय!"

रीळ मागे फिरवून पुन्हा पाहिलं. खरंच होतं. गोऱ्याच माणसाला काजळी फासली होती, कानामागे फासायची राहून गेली होती. शरयूने ती फिल्म पन्नास वेळा तरी पाहिली असेल. पण तिचं लक्ष नेहमी मुलांच्या तोंडाकडे, हसतात की नाही इकडे.

"म्हणजे इथे त्या देशाचं कुणीच नाही?" विनोदिनीने विचारलं.

"कुणीच नाही," शरयू म्हणाली. "काजळी त्यांची होती आणि शब्द माझे."

मग तिने मुलींना हवालदारांची हकिकत सांगितली. शेवटी विनोदिनी खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी लहानपणी रविवारी यायचे इथे. माझी धाकटी बहीण अंबू सावळी आहे ना, तिला आम्ही घरात बोंबलोबाच म्हणतो. आईसुद्धा."

त्या संध्याकाळी शरयू त्यांच्या घरी गेली. अंबू आठ वर्षांची. दारातच फुगडी घालत होती. शरयू तिच्यापुढे वाकली. "ते नाव मी काढलं होतं, चुकलं माझं," एवढं म्हणाली. अंबूने नुसती मान डोलावली आणि पुन्हा मैत्रिणीचे हात धरले. तिच्या आईने चहा दिला आणि ती आत निघून गेली. घरातलं ते नाव लगेच सुटलं नाही. सुटायला वर्ष गेलं, असं पुढे विनोदिनीने सांगितलं.

रविवारी धाकट्यांनी बोंबलोबासाठी गिल्ला केला. शरयूने साफ नाही म्हटलं. महिनाभर निम्मी मुलं फिरकली नाहीत. तात्यांनी ते रीळ वेगळ्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं. दरवर्षी नववीच्या मुलींसाठी ते खाली निघे. शरयू बाजूला उभी राही, आणि आधीच सांगून टाकी की पूर्वी ह्या राजाच्या तोंडी ती काय काय घालायची.

पहिल्या वर्षी हे सांगणं तिला फार जड गेलं. पुढेही फारसं सोपं झालं नाही.