एबारिस्तोचं दुसरं कडवं

कुणी पाव आणायला म्हणून बाहेर पडला आणि तासाभरात परतला नाही, की मेक्सिको शहरात घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एबारिस्तोसारखा दुसरं कडवं आणायला गेला वाटतं!" नवरदेव चर्चच्या दारात वेळेवर पोचला नाही तरी हेच, मंत्री उत्तर देता देता अडखळला तरी हेच. पार लिमा-बोगोटापर्यंत हे बोलणं पोचलंय. पण हा एबारिस्तो कोण, असं विचारलं तर लोक खांदे उडवतात. कार्टूनमधलं आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

रेफुहियो ओल्वेराला पुरतं ठाऊक होतं. एबारिस्तो तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि ते वाक्य तिनंच लिहिलेलं.

तीस वर्षांपूर्वी ती 'गुहा क्रमांक सात' या अमेरिकी कार्टून मालिकेचे संवाद स्पॅनिशमध्ये बसवायची. भाड्याच्या घरात राहणारं अस्वलांचं कुटुंब, त्यातला आळशी, तोंडाळ बाप, आणि दर अर्ध्या मिनिटाला एक कोपरखळी: कधी तिकडच्या पुढाऱ्याला, कधी साबणाच्या जाहिरातीला, कधी विस्मरणात गेलेल्या नटीला. इकडे त्या कुणाला कळणार? मग रेफुहियो तिकडचं काढून इकडचं घालायची. तिकडच्या मुष्टियोद्ध्याच्या जागी इकडचा मुखवटेवाला पैलवान, आइस्क्रीमच्या गाडीच्या घंटेऐवजी मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले विकणाऱ्याची आरोळी. अट एकच होती. शब्द अस्वलाच्या ओठांत बसला पाहिजे. पडद्यावर ओठ मिटले की शब्दातही प, ब नाहीतर म यायलाच हवा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रस्त्यानं जाताना, चर्चमध्ये रांगेत उभी असताना, तिचं लक्ष आपलं लोकांच्या ओठांकडे.

एका आठवड्याच्या भागात बाप-अस्वल मीठ आणायला जातं आणि गायबच होतं. बायको म्हणते, "गेला अमक्यासारखा!" तो अमका म्हणजे भर सामन्यात उलट्या दिशेनं धावलेला कुणी अमेरिकी खेळाडू. नाव चार अक्षरी, दुसऱ्या अक्षराला ओठ मिटलेले. सकाळी ध्वनिमुद्रण, आणि हे एकच वाक्य राहिलेलं. रेफुहियोनं डझनभर नावं घालून पाहिली. एकही बसेना. आणि मग आपोआप, जिभेवरच ठेवलेलं असावं तसं, तिच्या तोंडून आलं: ए-बा-रिस-तो. ओठ मिटले, उघडले, बसलं.

नावामागोमाग ती गोष्टही आली. तीनच आठवडे झाले होते. रविवारच्या हौशी गायकांच्या कार्यक्रमात एबारिस्तो थेट प्रक्षेपणात गायला उभा राहिला होता. आईचं आवडतं बोलेरो, संथ लयीचं जुनं प्रेमगीत. पहिलं कडवं असं गायला की माणसं हलायची थांबली. आणि दुसऱ्याच्या तोंडाशी आला तो शब्दच गेले. वाजवणाऱ्यांनी सूर फिरवून पुन्हा आणला, पुन्हा एकदा आणला. तो नुसता उभा. शेवटी निवेदक हसत म्हणाला, "गायक दुसरं कडवं आणायला गेले आहेत, तोवर बघू या जाहिराती!"

शब्द का गेले, ते रेफुहियोला माहीत होतं. आई इस्पितळात होती. भावंडांनी आळीपाळीनं रात्री बसायचं ठरलं होतं. रेफुहियोच्या पाळीला दरवेळी काम निघायचं. "दादा, आजचा दिवस तू बस ना, उद्या भाग द्यायचाय." असं करत नऊच्या नऊ रात्री तोच बसला. तिथूनच, तोंडावर पाणी मारून, तो दूरदर्शन केंद्रावर गेला होता.

हे सगळं माहीत असून तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाप-अस्वलाला आवाज देणारे लेओबार्दो काका ते वाक्य ऐकून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पोरी, हे चालणार बघ!" ते म्हणाले. तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं होतं.

चाललं, आणि कसं चाललं! एबारिस्तो तेव्हा एका त्रिकुटाबरोबर लग्नांत, वाढदिवसांत गायचा. पहिलं कडवं संपलं की मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडायचं, "एबारिस्तो, पळ, दुसरं आण!" आणि सगळा मांडव हसायचा. वर्षाच्या आत त्यानं गाणं सोडलं. पोर्तालेस भागात गिटारी दुरुस्त करायचं छोटंसं दुकान टाकलं. आईच्या अंत्यविधीला तो रेफुहियोच्या शेजारी उभा राहिला, पण तिच्याशी बोलला नाही. त्यानंतरही नाही.

पुढे एका मासिकवाल्यानं तिला विचारलं, "बाई, हा एबारिस्तो कोण?" आता तरी भावाला कुणी ओळखू नये म्हणून ती म्हणाली, "कुणी नाही हो. ओठांत बसलं म्हणून घातलेलं नाव." तिला वाटलं आपण झाकलं.

रेफुहियो महिन्याचा पहिला शुक्रवार कधी चुकवायची नाही. उपास, पापनिवेदन, मग कम्युनियनचा प्रसाद. आणि दर महिन्याला तेच पाप. म्हाताऱ्या फादर सेलेरिनोंना ते पाठ झालं होतं. सासष्टाव्या वर्षी एका शुक्रवारी तिनं सुरुवात केली तसे जाळीपलीकडून ते हळूच म्हणाले, "रेफुहियो, हे तू मला किती वर्षं सांगतेस?"

"बरीच झाली, फादर."

"देवानं केव्हाच ऐकलं असेल. मीही ऐकलं. ज्याला ऐकवायचं त्याला कधी ऐकवणार?"

"तो दार उघडणार नाही."

"मग आधी दाराबाहेरच्यांना सांग. नाव चारचौघांत घेतलंस ना? चारचौघांतच परत कर. मग जा त्याच्याकडे." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि या खेपेला प्रायश्चित्त म्हणून जपमाळ देत नाही. तिच्याआड लपायची तुला सवय झालीय."

त्याच आठवड्यात यारेत्सी नावाच्या मुलीचा फोन आला. मालिकेच्या चाहत्यांनी प्रश्नोत्तरांची स्पर्धा ठेवली होती, बाईंनी पाहुण्या म्हणून यावं. "बाई, तुमच्या कोपरखळ्यांवर आम्ही मोठे झालो! आमच्याकडे यादीच आहे, कुठल्या भागात तुम्ही काय बदललं त्याची. चारशे बारा जागा!"

एरवी तिनं गोड बोलून टाळलं असतं. या वेळी म्हणाली, "येते."

शनिवारी दुपारी नार्वार्ते भागातल्या एका सभागृहात दीडदोनशे माणसं जमली होती. निम्म्यांच्या डोक्यावर कापडी अस्वलकान. एक टकले गृहस्थ बायको-मुलांसह कान लावून अगदी गंभीर चेहऱ्यानं बसले होते.

"तिसऱ्या वर्षातला नववा भाग," यारेत्सीनं विचारलं, "बाप-अस्वल दंतवैद्याकडे कुठल्या पैलवानाची शपथ घेतं?"

"निळ्या घुबडाची!" तिघं एकदम ओरडले.

"मूळ इंग्रजीत कुणाची होती?"

"त्यांच्या एका हवामानवाल्याची! आणि ती अजिबात विनोदी नव्हती!"

"अरे, तुला इंग्रजी येतं कुठे?"

"बायकोला येतं, तीच म्हणाली!"

सभागृह हसलं. रेफुहियोही हसली. काय काय लक्षात ठेवलं होतं या मुलांनी! तिनं घाईघाईत खरडलेला शब्द न् शब्द यांनी पुजला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण शेवटचा प्रश्न कोणता असणार हे तिला कळून चुकलं होतं.

शेवटी दोघं उरले. ते टकले गृहस्थ आणि पुएब्लाहून आलेली एक मुलगी. यारेत्सीनं पाकीट फोडलं. "अंतिम प्रश्न. एबारिस्तो कोण?"

मुलीनं आधी घंटी वाजवली. "कुणी नाही! ओठांत बसलं म्हणून घातलेलं नाव!"

"बरोब्बर!" टाळ्या, शिट्ट्या. यारेत्सी ध्वनिक्षेपक घेऊन रेफुहियोकडे वळली. "बाई, तुम्हीच सांगा, बरोबर ना?"

रेफुहियो उठली. "चूक आहे," ती म्हणाली.

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

"चूक माझी आहे, या लेकीची नाही. तिचं बक्षीस तिला द्या. पण एबारिस्तो आहे. एबारिस्तो ओल्वेरा. माझा भाऊ आहे. तो गायचा."

मग तिनं सांगितलं. इस्पितळ, नऊ रात्री, आपल्या पाळ्या, ते एक राहिलेलं वाक्य. मांडवातलं हसणंही सांगितलं. कुणीकुणी अस्वलकान काढून मांडीवर ठेवले.

ती थांबली तेव्हा पुएब्लाची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग ते दुसरं कडवं कोणतं होतं?"

रेफुहियोनं सांगायला तोंड उघडलं. आईचं गाणं. लहानपणी रोज संध्याकाळी मक्याच्या रोट्या थापताना आई म्हणायची ते. पहिलं कडवं समोर उभं होतं, खिडकीतला दिवा मालवू नकोस म्हणणारं. आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून मनात म्हणून पाहिलं. पुन्हा तिथंच अडलं.

मागून कुणीतरी, सवयीनंच, म्हणालं, "बाईच गेल्या आणायला!"

आणि सभागृह हसलं. वाईट हेतूनं कुणी हसलं नव्हतं. हसल्या हसल्या अर्ध्यांनी तोंडावर हात ठेवले. पण रेफुहियो तिथं उभी होती, उजेडात, तोंड उघडं, आणि ते हसणं तिच्या अंगावरून गेलं. तीस वर्षं तिला वाटत होतं, आपल्याला कळलंय दादाला काय झालं असेल. तिला काहीही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सानंतर ती तशीच पोर्तालेसला गेली. हातात गोड पावांची पिशवी, वर शिंपल्यासारखी नक्षी असलेले, दादाला आवडायचे तसे. दार वहिनीनं, ओतिलियानं, उघडलं. तिनं नणंदेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आलीस? बऱ्याच लवकर आलीस गं."

"बोल, वहिनी. तुझा हक्क आहे."

"हक्काचं काय घेऊन बसलीस? मी तीस वर्षं बोलतेय, ऐकायला तू नव्हतीस. आत ये. पाव इकडे दे, शिळे नाहीत ना?"

एबारिस्तो दुकानातच होता. एक्काहत्तर वर्षांचा, नाकावर चष्मा, पुढ्यात तारा काढलेली गिटार. त्यानं मान वर केली नाही.

"पाहिलं मी," तो म्हणाला. "कुणीतरी चित्रित केलंय. आमच्या पोरीनं दाखवलं."

"दादा, मला माफ—"

"थांब. आधी मी." त्यानं गिटारीची खुंटी फिरवून पाहिली. "पहिल्यांदा लिहिलंस, त्याचा मला राग आला नाही. विचार ओतिलियाला. मी म्हणालो, कुका दमली असेल, शब्द बसत नसेल, माझं नाव बसलं. मला कळतं ते. मीही दमलो होतो, माझा शब्द गेला. तुझ्या तोंडून नको तो आला. फिटंफाट."

रेफुहियो उभीच होती. किती वर्षांनी तिला कुणी कुका या घरच्या नावानं म्हटलं होतं.

"पण पुढं तू ते अकरा वेळा लिहिलंस. मी एकही भाग चुकवला नाही. दर मंगळवारी इथं बसून बघायचो, आता तरी घालणार नाही म्हणून. अकरा." आता त्यानं वर पाहिलं. "पहिल्या वेळी अस्वलाचे ओठ होते, कुका. पुढच्या अकरा वेळी कुणाचे होते?"

उत्तर एकच होतं आणि ते द्यायचं टाळत ती तीस वर्षं जपमाळेआड बसली होती.

"माझे, दादा. लोक हसायचे. मला ते आवडायचं."

त्यानं मान हलवली. ओतिलियानं दालचिनी घातलेली कॉफी आणली, तीन पेले. पाव फोडून ताटलीत ठेवले. त्यानं एक उचलून खाल्ला. तेवढं तरी झालं, असं रेफुहियोच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचीच तिला लाज वाटली.

निघताना तिनं धीर करून विचारलं, "दादा, ते दुसरं कडवं... मला आठवत नाही रे. आईचं. सांगशील?"

"मला त्याच दिवशी आठवलं होतं," एबारिस्तो म्हणाला. "बसमध्ये, घरी येताना. सगळंच्या सगळं."

"मग सांग ना."

"नाही." आवाजात राग नव्हता. "बाकी सगळं तू घेतलंस. ते माझ्याकडे राहू दे. रविवारी ये हवं तर. कॉफी असतेच."

मग त्यानं गिटारीला तारा चढवल्या, एकेक पिळून सुरात आणली, आणि वाजवू लागला. पहिलं कडवं. मग जरासा थांबला, आणि दुसरं. तीच चाल, आईची, रोट्यांच्या थापांवर चालणारी. रेफुहियो चौकटीला धरून उभी राहिली. जन्मभर ओठ वाचून शब्द ओळखणारी ती बाई, भावाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. एखादा ब हलेल, एखादा म मिटेल.

बोटं चालत होती. ओठ मिटलेलेच होते.