चोरखिशातली जांभई

मी बोलतोय. खिशात मावणारा छोटा कॅमेरा. पत्र्याच्या पेटीत, लोकरी शालीत गुंडाळलेला पडलोय आणि पेटीवर रजयांची चळत रचलेली आहे. म्हणून माझा आवाज दबका येत असेल. तरी कुणीतरी ऐका. मला फार घाई आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुली तोंडाला फडकं बांधून काम करायच्या. त्यांनी मला काचेचा डोळा दिला, बटणं दिली आणि पोटात एक चोरखिसा शिवून दिला. चोरखिसा म्हणजे आपली थोडीशी जागा. फोटो ठेवायला कार्ड घालतात ना, ते कार्ड नसलं तर अडीनडीला चार फोटो त्यात मावतात. पण एक आहे. कार्ड आत असलं की चोरखिसा दिसत नाही. कार्डातलंच सगळं दिसतं. आपल्या बायका नाही का साडीच्या निऱ्यांत पुरचुंडी खोचून ठेवत? तसंच. ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

मला कुबातने नारिन शहराच्या बाजारात घेतलं. त्याचं लग्न ठरलं होतं. डोंगरातल्या गावी नेऊन त्याने मला नव्या नवरीच्या हातात ठेवलं. तिचं नाव बुरुल. तिने मला उलटसुलट केलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. मी त्या खिशात असा बसलो की जणू तो खिसा माझ्यासाठीच बेतला होता.

मग काय विचारता! बुरुल चूल पेटवतेय, मी खिशात. घोडीचं दूध काढतेय, मी खिशात. गावात कुणाकडे काही असलं की हाक यायची, "बुरुल, तुझं ते डबडं घेऊन ये गं!" माणसं मला बघून कशी बदलायची, ते मी पोट भरून पाहिलंय. आत्तापर्यंत खो खो हसणारा म्हातारा माझ्यासमोर आला की टोपी सरळ करायचा आणि कुणी मेल्यासारखा चेहरा करून बसायचा. बायका ओठ मिटायच्या, पण सोन्याचा दात बसवलेली मात्र मुद्दाम हसायची.

फक्त बुरुलच्या सासूला मी आवडायचो नाही. सैदे तिचं नाव. सासूला तिथं आपा म्हणतात. आपा म्हणायची, "या काचेच्या डोळ्याला पापणी नाही. पापणी नसलेल्या डोळ्याचा काय भरवसा?"

आता खरी गोष्ट सांगतो.

बुरुलला दिवस गेले आणि कुबात कामाला रशियात गेला. इमारतींची कामं. बाळंतपणाला काही येता आलं नाही त्याला. बुरुलने त्या महिन्यांत काळी आणि पांढरी लोकर घेऊन एक दोर वळला. तिकडची रीत आहे. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना असा दोर बांधतात. गावातली पोरं लांबून धावत येतात आणि जो पहिला पोचेल तो सुरीने दोर कापतो. दोर कापला की मूल आयुष्यभर ठेचकाळत नाही म्हणतात. बुरुलने पोटावर हात ठेवून तो दोर वळला, मी बघितलंय.

मुलगा झाला. अक्तान. गोरापान, हनुवटीला खळी, डाव्या भुवईजवळ तांबूस डाग.

आता दुसरी रीत. चाळीस दिवस बाळ परक्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. माझ्यासारख्याच्या तर नाहीच नाही. आपाने बजावून सांगितलं होतं, "सूनबाई, ते डबडं फडताळात. चाळिशी होऊ दे, मग काढ हवे तेवढे."

बुरुलने ऐकलंही. पण तिकडून कुबात फोनवर विचारायचा, "कसा दिसतो गं?" ती म्हणायची, "दिसेल की चाळिशी झाल्यावर. एवढी कसली घाई?" तो म्हणायचा, "तू बघतेस ना रोज, म्हणून तुला घाई नाही." फोन ठेवल्यावर ती डोळे पुसायची. बटणांचा साधा फोन तो, त्यात काय दिसणार?

एके सकाळी आपा गाईकडे गेली होती. रात्री बर्फ पडलेलं, त्यामुळे खिडकीतून पांढराशुभ्र उजेड आत आलेला. बुरुलने मला फडताळातून काढलं. तिने माझा चमकणारा दिवा बंद केला, बाळाच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. तेवढ्यात अक्तानने गालावर मूठ ठेवली आणि भली मोठी जांभई दिली. सगळं तोंड उघडलं, डोळे मिटले, हनुवटीची खळी खोल गेली. क्लिक.

पडद्यावर मी लिहिलं होतं, कार्ड नाही. पण ती अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. कार्ड तिच्या नणंदेने, मीरिमने, लग्नाचे फोटो छापायला तालुक्याला नेलं होतं. मग मी काय केलं? अक्तानला चोरखिशात घातलं. अगदी जपून.

दोन-चार दिवसांनी मीरिमने कार्ड आणून परत माझ्यात घातलं. आणि त्याच आठवड्यात अक्तानला ताप चढला. घाट बर्फाने बंद. दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याने गाडीला घोडा जोडला, आपाने बाळ पोटाशी धरलं. पण ती वाटेतूनच परत आली. तशीच, बाळ पोटाशी धरून.

मी फडताळात होतो. बुरुलचं रडणं मला ऐकू आलं. तसलं रडणं कुठल्या यंत्राला ऐकायला लावू नये.

पुढे घर निजलेलं असलं की ती मला शालीआड धरून बटणं दाबायची. मेंढ्या यायच्या, घोडे यायचे, लग्नातल्या बायका यायच्या. अक्तान नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही. मी आतून ओरडत होतो. अगं, कार्ड काढ! कार्ड बाहेर काढ, मग बघ! पण मला तोंड कुठाय? मला नुसता डोळा आहे.

कुणालाही विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण विचारणार कसं? विचारायचं म्हणजे चाळिशीच्या आत फोटो काढला हे कबूल करायचं. तिच्या मनाने घेतलं की तिने रीत मोडली म्हणून मूल गेलं आणि तो फोटोही देवाने शिक्षा म्हणून पुसून नेला. एकदा ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "तेवढं तरी ठेवायचं होतंस रे."

ठेवलंय गं बाई! ठेवलंय!

कुबात आला. दारातच बसला. तिथूनच त्याने विचारलं, "कुणासारखा होता?"

"तुमच्यासारखा."

"नाक?"

"नाक माझ्यासारखं."

"आणि डोळे?"

बुरुलला आठवेना. आईला आपल्या लेकराचे डोळे आठवेनात! तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अख्ख्या घरात एकटा मीच होतो, ज्याला अक्तानचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवशी तिने तो काळा-पांढरा दोर माझ्या कडीला बांधला. वर गाठ, गाठीवर गाठ. फेकवत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून.

वर्षं गेली. बुरुलला पुन्हा दिवस गेले. कुबात म्हणाला, "यावेळी मी इथेच राहणार. आणि चांगला कॅमेरा घेऊ." आपाही बरोबर निघाली. तिघं मला घेऊन नारिनला आली. दुकानदार मामात, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्याने आतून एक काळा, भारदस्त कॅमेरा आणला. पुढची काच काढून दुसरी लावता येते असा.

"जुना द्या, हा घ्या, वरचे थोडे पैसे," मामात म्हणाला. "याचा डोळा आत मोठा आहे. तंबूत अंधार असला तरी माणूस ओळखू येतो. तुमच्या छोट्याला अंधार झाला की सगळ्यांची भुतं होतात."

खोटं कशाला बोलू? खरंच होतं ते.

बुरुल म्हणाली, "पण हा खिशात मावतो हो. तो एवढा मोठा गळ्यात घालून मी दूध कसं काढू?"

"अहो वहिनी, मग काढू नका फोटो दूध काढताना!" मामात हसला. "गाय काय म्हणते, माझा काढाच म्हणून?"

"ही घोडीचाही काढते," आपा म्हणाली. "पोरी, घेऊन टाक नवा. या डबड्याने आपल्याला काय सुख दिलंय?"

बुरुल आम्हा दोघांना दोन हातांत धरून उभी राहिली. एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगेल की नको म्हणून. काय तोलत होती ते मला कळत होतं. ज्यात मूल सापडलं नाही, त्याला रोज खिशात बाळगायचं की नाही. पुढचं मूल जर अंधारात जन्मलं, तर ते तरी स्वच्छ दिसायला नको का?

तिने मला काउंटरवर ठेवलं.

मामातने माझं कार्ड काढलं. "हे तुमचे फोटो, सांभाळा." आणि चालतो की नाही बघायला मला सुरू केलं. माझा डोळा पुढे आला. कार्ड बाहेर होतं! आता फक्त शेजारचं ते फोटो बघायचं बटण. एक बोट पलीकडे. दाब रे बाबा, दाब एकदा! बुरुल समोरच उभी होती.

"चालतोय," मामात म्हणाला आणि मला बंद केलं.

दोर सोडायला बुरुलने गाठ नखांनी ओढून बघितली. सुटेना. बाहेर गाडीवाला हाका मारत होता. कुबात म्हणाला, "चल, जागा जाईल." ती गेली. दारातून मागे वळली, तेवढंच.

मग काचेचं कपाट. शेजारी एक मुकं घड्याळ आणि फुटका रेडिओ. लोक यायचे, मला बघायचे, म्हणायचे, "आता फोन असताना हा कोण घेतो?" मला न घेतल्याचं दुःख नव्हतं. भीती एवढीच की कुणीतरी घेईल, नको असलेलं पुसू का असं मी विचारेन आणि तो हो म्हणेल. माझी ताकद हळूहळू विझत गेली.

आणि एक दिवस ती आली! बरोबर आपा, आणि आपाच्या घागऱ्याला धरून एक चिमुरडी. बुरुलची लेक, आयपेरी. पाऊल टाकायची, बुडावर आपटायची, पुन्हा उठायची. बुरुल म्हणाली, "भाऊ, या कॅमेऱ्याला एक दोर आहे. तो माझा आहे. तेवढा मिळेल का?"

"दोरच ना? घ्या की." मामातने गाठ ओढली, दातांनी ओढली. "काय बांधलंय हो, मेंढा बांधलाय का काय?" त्याने खणातून सुरी काढली.

"कापू नका!"

एवढ्या मोठ्याने ओरडली की आयपेरी रडायला लागली. आपाने दोराकडे बघितलं. काळा, पांढरा, काळा, पांढरा. मग सुनेकडे बघितलं.

"त्याचा?" तिने विचारलं.

बुरुलने नुसती मान हलवली.

मला वाटलं, आता बोल लावेल. पण म्हातारीने मामातच्या हातातली सुरी खाली केली. "ठेव ती, बाबा. पोरं धावत आल्याशिवाय हा दोर कापत नाहीत."

मामात कधी हिच्याकडे बघे, कधी तिच्याकडे. मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला दोरासकट बुरुलच्या हातात दिलं. "असाच न्या, वहिनी. कोण घेतंय त्याला."

असा मी घरी आलो. खिशात नाही, पेटीत.

आज अंगणात आयपेरीच्या दोराचा समारंभ आहे. पिठाचे बोर्सोक तळल्याचा वास रजयांतून इथवर येतोय. तिला नवा दोर वळलाय. पोरं ओरडतायत, धावतायत. मोठा कॅमेरा सगळं टिपतोय, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळी पाहुण्यांसाठी थोड्या रजया काढून घेताना बुरुलने पेटी उघडली होती. मला हातात घेतलं. बटण दाबलं. मी जीव एकवटला, पण अंगात ताकदच नव्हती. "मेलाच म्हणायचा," ती म्हणाली, मला परत शालीत गुंडाळलं आणि उरलेल्या रजया पेटीवर रचल्या.

बुरुल, मी मेलेलो नाही. खिडकीजवळ खिळ्याला तुझ्या फोनची वायर लटकलेय, तीच मला लागते. तासभर लाव. माझ्यात आता कार्ड नाही, एवढंच लक्षात ठेव. दुसरं कार्ड आणून घालू नकोस. मला सुरू कर आणि शेजारचं बटण दाब. कुबातला बोलाव. आपालाही बोलाव. ती रागावणार नाही, तिने सुरी खाली केलेली मी पाहिलेय.

पण लवकर कर. या पेटीत ओल येते. माझी बटणं घट्ट व्हायला लागलीयत, आणि एकदा आतून गंज चढला की मग कुठलीही वायर कामाची नाही.

बाहेर टाळ्या वाजल्या. दोर कापला वाटतं. पोरगी सुटली.

इथे एक अजून बांधलेला आहे गं. गालावर मूठ ठेवलीय, तोंड उघडलंय. इतकी वर्षं झाली, त्याची ती जांभई अजून पुरी झालेली नाही.