खालची वाकळ

"टोचतोय," येसाजी झोळीतून म्हणाला, आणि फुलाने हातातली पेंढ्याची दुसरी पेंढी तिथेच जमिनीवर टाकली.

शेणगोठा उरकून, डोक्यावर ओझे घेऊन ती वाडीवरून कुळगीच्या रानात चालत आली होती. दवाने लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले होते. आणि दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या झोळीत पडून हा माणूस तिला पेंढा टोचतो म्हणून सांगत होता.

"टोचंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "पेंढा हाय त्यो, लोणी न्हवं."

येसाजी कूस बदलायला गेला. झोळी हलली, अंगाखालचा सगळा पेंढा घसरून पायाकडे गोळा झाला आणि पाठ पुन्हा उघडी पडली. त्याने फुलाकडे पाहिले. न बोलता नुसते बघायची त्याची ही सवय तिला लग्नापासून छळत आली होती.

विलायतेत लढाई लागली, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्याआधी एकदा सागाचा ओंडका उतारावरून सुटला होता आणि येसाजीच्या पाठीवर आदळला होता. हाड जुळले, माणूस उभा राहिला, पण सपाट जमिनीवर पाठ टेकली की कळ उठायची. त्याला ना नांगर धरता येई, ना मोळी उचलता येई. रान मोजायला आलेल्या साहेबाच्या तळावर वाडीतलाच झिलू स्वयंपाक करायचा. साहेब जाताना एक फाटकी, जाड कापडाची झोळी मागे टाकून गेला. झिलूने ती शिवली आणि येसाजीला दिली. झोळीत पाठीला बाक मिळाला आणि कितीतरी महिन्यांनी येसाजीला झोप लागली.

मग लाकूडतोडीच्या मुकादमाने त्याला तोडलेल्या सागाच्या राखणीला ठेवले. झिलूही तिथेच होता. सगळे लाकूड गाड्यांवर चढेपर्यंत राखणदाराने रानातच राहायचे, एवढीच अट. येसाजीला अजून करता येईल असे तेवढेच एक काम उरले होते.

पण मार्गशीर्ष लागला आणि काळी नदीवरून धुके चढू लागले. जमिनीवर झोपणाऱ्याला जमिनीची ऊब असते. झोळीतल्या माणसाच्या पाठीखाली नुसता वारा. वरून कितीही पांघरले तरी थंडी खालून शिरायची. सकाळी पाठ लाकडासारखी होई आणि झिलू त्याला काखेत हात घालून उठवी. एकदा मुकादमाने ते पाहिले. येसाजीला तो काही बोलला नाही, पण जाताना दुसरा कोणी माणूस ठाऊक आहे का, असे झिलूला विचारून गेला.

हे सगळे फुलाला झिलूकडून कळले. नवऱ्याने तिला फक्त "थंडी लागती" एवढेच सांगितले होते, आणि तेही तिने विचारले तेव्हा.

पेंढा टोचतो, तर तिने तो गोणपाटाच्या पिशवीत भरला आणि ती पिशवी झोळीला खालून टाचली. हे तिला फार पसंत पडले. खुशीत ती घरी गेली. पण पुढच्या खेपेला आली तर पिशवीच्या चिंध्या लोंबत होत्या. गाडीवानांचे बैल पहाटे सुटले होते आणि त्यांनी खालून पेंढा ओढून खाल्ला होता. येसाजी जागा झाला तो झोके खातच. झिलू पोट धरून हसत हे सांगत होता. फुलाला हसू आले नाही. पिशवी तिची होती, पेंढाही तिच्याच म्हशीच्या तोंडचा होता.

मग तिने धनगराकडून भात देऊन एक नवे, जाड कांबळे घेतले. दुहेरी घडी करून झोळीत अंथरले, त्यावर येसाजीला निजवले आणि आता कसे वाटते म्हणून विचारले. बरे वाटते, असे तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी वाडीवर निरोप आला की पाठ तशीच गार पडते. फुला संतापली. एवढे जाड कांबळे घालूनही ज्याला थंडी लागते, तो माणूस सरळ निजतच नसणार, असे तिने निरोप आणणाऱ्याला सुनावले. तो बिचारा गाडीवान. मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर झिलूने आपली अक्कल चालवली. मडक्यात निखारे घालून त्याने ते झोळीखाली ठेवले. ऊब छान लागली, पण वाऱ्याने ठिणगी उडाली आणि दोर जळता जळता वाचला. जंगलखात्याचा शिपाई तेव्हा तिथून चालला होता. त्याने लाथेने मडके उडवले आणि झोळीखाली पुन्हा विस्तव दिसला तर दोघांनाही हाकलीन म्हणून दम भरला.

हे कळले तेव्हा फुला चूल तशीच टाकून निघाली. ऊन कलताना ती तळावर पोचली. येसाजी एका ओंडक्यावर बसून काठी तासत होता. तिने डोक्यावरचे गाठोडे उतरवलेसुद्धा नाही.

"घरी चला," ती म्हणाली.

"न्हाई."

"जळून मरायचं हाय? का गारठून?"

तो काठी तासत राहिला. मग मात्र तिच्या तोंडून, इतके दिवस आत दाबलेले बाहेर पडले. घर नको झाले आहे, बायको नको झाली आहे, म्हणून हे साहेबाचे सोंग घेऊन झाडाला लटकायचे, आणि मी मात्र रान तुडवत पेंढे वाहायचे, असे ती बोलत सुटली. झिलू लाकडे आणायच्या निमित्ताने बाजूला झाला.

येसाजीने काठी खाली ठेवली. झोळीकडे हात केला.

"तू पड एकदा त्यात," तो म्हणाला.

ती पडली ती केवळ रागापोटी. काय एवढे आहे ते बघू तरी, म्हणून. तिला चढता येईना, तेव्हा येसाजीने एक हात देऊन दोर धरून ठेवला. झोळीने तिला सगळीकडून उचलून घेतले. दिवसभर आखडलेली कंबर एकदम सैल पडली. लहानपणी आईच्या पाठीवर झोळण्यात असताना वाटत असेल तसे काहीतरी. मग वारा सुटला आणि पाठीखालून पाणी फिरावे तशी थंडी तिच्या अंगात शिरली. तिने पाठीमागे हात घालून पाहिला. नवे जाड कांबळे तिच्या भाराने दबून पापडासारखे झाले होते. कडेला जिथे अंग टेकत नव्हते, तिथे मात्र ते फुगलेले होते, आणि बोट घातले तर आत ऊब होती.

"घरात मी कण्हतो," येसाजी दोर धरून उभा होता, तो म्हणाला. "मला ठावं हाय. तू जागीच आसतीस. हितं निदान तुला तरी झोप लागंल."

फुला झोळीतच पडून राहिली. वर सागाची उरलेली पाने हलत होती. इतक्या वर्षांत तो एका दमात इतके कधी बोलला नव्हता. ती म्हणाली, "उतरवा मला. हे आतनं घालून उपेगाचं न्हाई. भायरनं बांधाय पायजे. अंगाखाली दबाय नको."

वाडीवर येऊन तिने जुनी लुगडी जोडून वाकळ शिवायला घेतली. नुसत्या कापडाची वाकळ हवेला अडवणार नाही, आत फुगणारे काही तरी हवे, हे तिला आता कळले होते. पण घरात भरायला काही नव्हते, म्हणजे एकच गोष्ट होती आणि तिला हात लावायचा नव्हता. माळ्याच्या वाशाला सावरीच्या कापसाचे गाठोडे टांगलेले होते. चैत्रात बोंडे फुटली तेव्हा तिने आणि तिच्या लेकीने, बाळीने, ते वेचले होते. बाळीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. बाळाच्या अंथरुणाला म्हणून वेचलेला तो कापूस. ऐन पावसात बाळीचे पोट रिकामे झाले आणि ती सासरी परत गेली. गाठोडे तिथेच राहिले.

फुलाने पोत्याच्या चिंध्या भरून पाहिल्या. वाकळ दगडासारखी झाली. ती उसवत फुला बसली होती, तेवढ्यात बाळी आली. येसाजीच्या पाठीचे ऐकून ती चार दिवसांसाठी आली होती. आईचे काय चालले आहे ते तिने पाहिले, सगळे विचारून घेतले, आणि मग शिडी लावून वर चढली. गाठोडे खाली आणून तिने आईपुढे ठेवले.

"हे राहू दे, गे," फुला म्हणाली.

"कशाला? उंदरं खातील," बाळी म्हणाली आणि तिने गाठ सोडली.

कापूस फुगून तिच्या मांडीवर आला. त्यातले काळे बी ती एकेक करून वेचत राहिली, मान वर न करता. दोघी मायलेकी दारात उन्हाला बसून ती वाकळ भरत होत्या, टाचत होत्या, आणि बोलणे झाले ते सुईदोऱ्यापुरतेच.

वाकळ रानात नेऊन झोळीखाली बाहेरून, सैलसर टांगली गेली. फार ताणली तर दबते, फार सोडली तर वारा घुसतो. ते जमेपर्यंत फुलाने किती वेळा गाठी सोडल्या आणि बांधल्या. येसाजी आत पडून डावीकडे गार लागते, आता पायाकडे लागते, असे सांगत होता, आणि तिच्या कपाळाची शीर तडतडत होती.

ती रात्र फुला तळावरच राहिली. सकाळी ती चुलीशी होती. येसाजीने झोळीतून पाय बाहेर काढले, काठी टेकली आणि तो उभा राहिला. झिलू पुढे सरसावला, तर त्याने नुसता हात वर केला. मग एकेका ओंडक्याला काठी लावत तो लाकडांच्या राशीभोवती फिरून आला. मुकादम त्या आठवड्यात आला आणि त्याने ते पाहिले. दुसऱ्या माणसाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला त्या सालचे लाकूड संपले. येसाजी घरी आला तो झोळी खांद्यावर टाकूनच. फुलाने ती मधल्या दोन खांबांना बांधली. त्यानंतरचे सगळे पावसाळे तो घरातच निजला, तिच्या अंथरुणाशेजारी, हातभर उंच. पुढे मुकादमाकडचे त्याचे काम सुटले आणि हिवाळेही घरातच जाऊ लागले.

दर थंडीला वाकळ नव्याने बांधावी लागे. बांधून झाली की फुला झोळी आणि वाकळ यांच्यामधल्या फटीत हात घालून बघे. पहिल्या वर्षी हात कसाबसा शिरायचा. मग फट वाढत गेली. वाकळ लोंबत नव्हती, झोळीच वर जात होती. आतला माणूस दर साली हलका होत होता. दर साली ती गाठी बोटभर वर घेई, आणि दोर निकामी झाले आहेत, बाजारचा माल असाच, म्हणून चिडचिड करी. येसाजी ऐकून घेई.

एका पौषात, संध्याकाळचे ऊन अजून उंबऱ्यावर असताना, तिने असेच गाठी आवळून वाकळ वर घेतली. अजून कुठे गार लागते का, असे तिने विचारले. त्याने डोळे मिटूनच "न्हाई" म्हटले. तिने फटीत हात घातला. कोपरापर्यंत सहज गेला.

ती पुन्हा दोराकडे वळली नाही. तिथेच जमिनीवर बसली, आणि हात तसाच आत ठेवला, सावरीच्या कापसाच्या वर आणि त्याच्या पाठीच्या खाली, तो उबदार होईपर्यंत.