एका बोटाचा धक्का

चक्की आपोआप सुरू झाली, असं मी चाचणीच्या अहवालात लिहिलं ते खोटं होतं. मी पात्याला बोट लावलं होतं. नुसतं एक बोट, तेही परीक्षक मान खाली घालून चष्मा पुसत असताना.

आमची पवनचक्की उभ्या दांड्याभोवती फिरणारी. तीन सरळ, अरुंद पाती आणि खाली जनित्र. वारा कुठूनही आला तरी तिला चालतो, आणि एकदा फिरायला लागली की मंद वाऱ्यातही फिरत राहते. पण थांबली की थांबली. मग आळशी माणसासारखं तिला कुणीतरी हलवून उठवावं लागतं. आणि ती बसवायची होती कमी वाऱ्याच्या जागी, जिथं वारा दिवसातून चारदा पडणार. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

दादा म्हणाला होता, "एक पिंप उभं कापू आणि दोन्ही अर्धे भाग दांड्याला लावू. वारा त्यांत अडकला की सुरुवात होईल." दादा माझा थोरला भाऊ, आमच्या वर्कशॉपचा खरा कारागीर. मी त्याला उडवून लावलं. पिंपामुळे जोराच्या वाऱ्यात वीज थोडी कमी झाली असती, अहवालातला आकडा उतरला असता, आणि खरं सांगायचं तर चक्की कुरूप दिसली असती. दोन वर्षं मी त्या पात्यांच्या कडा घासत होतो, त्यांच्या मधे पिंप? "तू आपला लेथ सांभाळ," असं मी थोरल्या भावाला म्हणालो. त्यानं सांभाळला.

चाचणीच्या दिवशी वारा अटीत लिहिला होता तेवढाच होता, सेकंदाला दोन मीटर; तेवढ्यात चक्की आपोआप सुरू व्हायला हवी होती. चक्की ढिम्म. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी मनातल्या मनात वाऱ्याला शिव्या घालत उभा राहिलो. मग बोट लावलं.

चक्की पास झाली. टेकडीवरच्या आरोग्यकेंद्रात विजेची तार पोचली नव्हती, तिथल्या गच्चीवर ती बसली आणि तिच्यावर लसींचा फ्रीज चालू झाला. आणखी बारा केंद्रांसाठी बारा चक्क्यांचं काम मिळालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. फोन वाजला की मी आधी केंद्राचा नंबर आहे का ते बघायचो. पण सहा महिने एकही तक्रार आली नाही, आणि टेकडीवर वारा बरा असेल अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

सहामाही तपासणीला गेलो तेव्हा तिथली सिस्टर दारातच भेटली. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला. तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि मी बसायच्या आत म्हणाली, "साहेब, आधीच सांगते. चूक माझी आहे."

"कसली चूक?"

"चक्की माझ्या हातून बिघडलीय. पहिल्याच आठवड्यात. तुमच्या कागदात लिहिलंय, आपोआप सुरू होते. माझ्याकडे होत नाही. पुसताना फडकं जोरात लागलं असेल."

ती मला गच्चीवर घेऊन गेली. लोखंडी शिडीच्या चौदा पायऱ्या ती एकेक करून, दोन्ही पाय टेकवत चढली. वर कोपऱ्यात झाडूचा दांडा होता. पात्यांचा रंग खरवडू नये म्हणून त्याच्या टोकाला तिनं कापूस लावून वर बँडेज गुंडाळलं होतं. त्या दांड्यानं तिनं पात्याला हळूच ढकललं. चक्की फिरायला लागली.

"सकाळी, दुपारी, आणि घरी जायच्या आधी," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशीही येऊन जाते."

"कळवलं का नाही तुम्ही?"

"काय कळवू? बिघडवली म्हणून?"

मग बाकीचं निघालं. मागच्या महिन्यात तिचा गुडघा धरला आणि दोन दिवस तिला शिडी चढता आली नाही. बॅटरी उतरली, फ्रीज गरम झाला, सगळ्या लसी फेकून द्याव्या लागल्या. चार बायका तान्ह्या मुलांना घेऊन दोन-दोन तास चालत आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरला पत्र दिलं होतं, देखभालीत हलगर्जी केल्याचं. माझा अहवाल आला की तिला ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं.

"तुम्ही एवढंच करा," ती म्हणाली. "बिघडवली असं लिहू नका. बेअरिंग झिजलं म्हणून लिहा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत माझ्या."

साप मेला असता आणि काठीही मोडली नसती. तिची नोकरी वाचली असती, माझा अहवाल वाचला असता, वर मी दयाळू ठरलो असतो. मी खिशातून पेनसुद्धा काढलं. पण बारा चक्क्या वर्कशॉपमधे रंगून उभ्या होत्या. आणखी बाराजणी बारा शिड्या चढणार होत्या. मला स्वतःची किळस आली.

"सिस्टर, ती बिघडलेली नाही. ती पहिल्यापासून अशीच आहे. चाचणीत मी ती बोटानं ढकलली होती."

ती कठड्यावर बसली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि कागदात?"

"खोटं लिहिलं."

खाली येऊन मी तिच्यासमोरच मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. बोटाचं लिहिलं, दादाच्या पिंपाचं लिहिलं, पिंपं बसेपर्यंत बारा चक्क्या कुठंही लावू नयेत हेही लिहिलं. सिस्टरचा दोष नाही हे दोनदा लिहिलं. तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि उद्याच्या टपालासाठी कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती ओरडेल, रडेल, निदान चार शब्द सुनावेल, असं मला वाटत होतं. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिनं एक केसपेपर उलटा केला आणि मागे काहीतरी लिहायला लागली.

"त्या चौघींच्या घरी मी जाऊन आले," ती लिहिता लिहिता म्हणाली. "माझ्या चुकीमुळे झालं म्हणून हात जोडले. एकीच्या सासूनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिचं बरोबरच होतं."

कागदावर चार पत्ते होते.

"आता तुम्ही जा," ती म्हणाली. "सासूचं घर सगळ्यात लांब आहे. तिथं आधी जा."